चोवीस घनमीटर

दोन महिन्यांतून एकदा, बहुतेक दुपारच्या वेळी, बेल वाजते. "गॅसचा मीटर बघायचाय, काकू." मुलगा चपला दाराबाहेर काढतो, ओट्याशेजारी वाकतो, मोबाइलने आकड्यांचा फोटो घेतो आणि "झालं" म्हणत शेजारच्या दाराकडे वळतो. अर्ध्या मिनिटाचे काम. या खेपेला तो गेल्यावर मी मागचे बिल काढले आणि वजाबाकी केली. उत्तर आले चोवीस. दोन महिन्यांचा चहा, कुकरच्या शिट्ट्या, पोळ्या, दिवाळीच्या चकल्या, मध्येच एका तापात केलेली पेज, सगळे चोवीस घनमीटरांत झाले होते.

मग टेप घेऊन स्वयंपाकघर मोजले. आठ फूट बाय नऊ फूट, उंची साडेनऊ. म्हणजे एकोणीस-वीस घनमीटर. आमच्या डोंबिवलीच्या या छोट्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत जेवढी हवा मावते, तिच्या सव्वापट गॅस भिंतीवरच्या नळीतून मुकाट्याने येऊन जळून गेला होता.

तेव्हापासून हा चोवीसचा आकडा डोक्यातून जात नाही. कारण हेच चोवीस घनमीटर आमच्या शेगडीकडे न येता दुसरीकडे गेले असते, तर त्यांचे काय काय झाले असते, हा हिशेब मी मांडून बसले आणि त्याला अंत लागेना.

स्टेशनबाहेरच्या रिक्षात गेले असते तर? वजनात हा गॅस सतरा किलोच्या आसपास भरतो. सीएनजीची रिक्षा किलोमागे तीस किलोमीटर धरली, तर पाचशे किलोमीटर. डोंबिवलीहून कोल्हापूरला जाऊन वर शंभरेक किलोमीटर भटकता येईल. वीज केंद्रात गेले असते तर? एका घनमीटरात साधारण दहा युनिटांची उष्णता असते, म्हणजे चोवीसांत दोनशे चाळीस. चांगले केंद्र त्यातली निम्मी उष्णता विजेत उतरवते. म्हणजे एकशेवीस युनिट, एका बेताच्या घराचे महिन्याचे वीजबिल. आणि खताच्या कारखान्यात गेले असते तर? युरियाची पंचेचाळीस किलोंची एक गोणी व्हायला तीसेक घनमीटर गॅस लागतो. आमच्या दोन महिन्यांच्या स्वयंपाकात जवळजवळ एक गोणी झाली असती.

शेगडी, रिक्षा, पंखा, भाताचे शेत. मूळ वस्तू एकच. एका कार्बनच्या अणूभोवती हायड्रोजनचे चार अणू, म्हणजे मिथेन. रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्याला येतो तो कुबट वास मुद्दाम मिसळलेला असतो. मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा एवढासा अंश पुरतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला गॅस तळघरात साचून स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुले. गॅसला वास देण्याचे कायदे त्यानंतर झाले. आज ठाण्यातल्या कुठल्याही घरात कोणी म्हणते, "गॅसचा वास येतोय का गं?" आणि उठून बटण तपासते, तेव्हा त्या मुलांमुळे कोणीतरी वाचत असते.

*

जगातले बहुतेक देश आपापल्या ऊर्जेची वही ठेवतात. तिला ऊर्जा ताळेबंद म्हणतात. आपल्याकडे केंद्र सरकारचे सांख्यिकी मंत्रालय दरवर्षी तो छापते. जगाची वही लिहिणारी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था तेलटंचाईच्या धक्क्यानंतर नोव्हेंबर १९७४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जहाजावरून मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळ भेदताना बॉम्बे हायचे तेल लागले होते. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो. आपला गॅस आणि जगाची वही एकाच वयाची आहेत.

या वहीत उभे रकाने इंधनांचे असतात: कोळसा, तेल, नैसर्गिक वायू, वीज. आडव्या ओळींत आधी लिहितात की माल आला कुठून: देशात निघाला किती, बाहेरून आणला किती. शेवटी लिहितात की कोणी किती वापरला. आणि मधोमध एक ओळींचा पट्टा असतो. त्याचे नाव रूपांतर.

या पट्ट्यात वायूच्या रकान्यात उणे चिन्ह असते आणि त्याच ओळीत विजेच्या रकान्यात अधिक. वायू गेला, वीज झाली. अधिकचा आकडा उण्यापेक्षा नेहमी लहान. मधला फरक चिमणीतून उष्णता होऊन उडाला, किंवा समुद्राच्या पाण्याला देऊन टाकला. मिथेनचे मरण आणि विजेचा जन्म एकाच ओळीत लिहिलेले असते. मी पहिल्यांदा हे तक्ते वाचले तेव्हा या उण्या चिन्हावर बराच वेळ अडखळले होते.

गंमत अशी की आमच्या ओट्यावरचे चोवीस घनमीटर या पट्ट्यात येतच नाहीत. घरात जळलेला गॅस हा अंतिम वापर. रिक्षातलाही अंतिम वापर. युरियात गेलेल्या गॅसचा मोठा हिस्सा तर इंधनही गणला जात नाही, तो कच्चा माल. रूपांतर म्हणजे एका ऊर्जेची दुसरी विकण्याजोगी ऊर्जा करणे. म्हणून एखाद्या देशाच्या रूपांतराच्या ओळी वीस-तीस वर्षांच्या पाहिल्या, तर त्या देशाकडे काय होते, काय नव्हते, कशाची भीती बसली आणि कशाचा मोह पडला, हे त्यात वाचता येते.

*

२०२२ पर्यंत फास्ट लोकल ठाणे सोडायची आणि पारसिकच्या बोगद्यात शिरायची. १९१६ साली हा सव्वा किलोमीटरचा बोगदा काळ्या कातळातून काढला. दख्खनचा हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो किनाऱ्यावर संपत नाही. समुद्राखाली उतरत बॉम्बे हायच्या पार तळाशी जातो. लाव्हा थंड झाल्यावर त्या खोलगट जागी उथळ समुद्र आला, गाळ साचला आणि त्या गाळात सूक्ष्म जीवांचे आणि झाडपाल्याचे अवशेष गाडले गेले. कोट्यवधी वर्षे वरचे थर दाबत राहिले, खालची उष्णता शिजवत राहिली. त्यातून आपले तेल आणि आपला गॅस झाला. म्हणजे आमच्या शेगडीतली ज्योत पारसिकच्या डोंगरापेक्षा तरुण आहे.

तेल १९७६ मध्ये येऊ लागले आणि तेलासोबत गॅसही वर येऊ लागला. तो घ्यायला किनाऱ्यावर पुरेशी सोय नव्हती, म्हणून बराच गॅस समुद्रातच मशालीसारखा जाळून टाकावा लागे. त्यातून मार्ग निघाला उरणला. तेव्हाच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९८२ पासून तिथे गॅस टर्बाइन लावायला सुरुवात केली. आज महानिर्मितीच्या या केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट आहे.

टर्बाइनची कल्पना अगदी सरळ आहे. आगीने पाणी उकळून वाफ करायची आणि वाफेने पाती फिरवायची, असे कोळशाच्या केंद्रात चालते. इथे पाण्याला फाटाच दिला. हवा दाबून दाबून आत ढकलायची, तिच्यात गॅस पेटवायचा आणि फुगलेल्या जळत्या वाऱ्यानेच पाती फिरवायची. विमानाचे इंजिन जमिनीला बांधून ठेवावे तसे. सार्वजनिक विजेसाठी असे यंत्र जगात पहिल्यांदा १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या नोइशातेल गावात बसले, चार मेगावॉटचे. दिलेल्या उष्णतेतली जेमतेम सतरा टक्के ते विजेत उतरवत असे. बाकीची धुरांड्यातून जाई.

मग कोणाच्या तरी मनात आले की या धुरांड्यातून निघणारा वारा पाचशे-सहाशे अंशांवर तापलेला असतो, तो का सोडायचा? त्या वाऱ्यावर पाणी उकळून वाफ करा आणि दुसरे टर्बाइन फिरवा. एकाच आगीवर दोन चाके. भाताच्या कुकरमध्ये वरच्या डब्यात वरण शिजवून घेणाऱ्या कोणालाही ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. उरणच्या ६७२ पैकी २४० मेगावॉट अशा उरलेल्या उष्णतेवरचे आहेत, त्यांना निराळा गॅस लागत नाही. जगातली आजची उत्तम केंद्रे या जोडीने साठ टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. उष्णतेचे कोणतेही इंजिन शंभरापर्यंत पोहोचणार नाही, हे निसर्गाने ठरवून दिले आहे. म्हणूनच सतरापासून साठपर्यंतची ही चढण मला माणसाच्या मोठ्या कामांपैकी एक वाटते.

*

डोंबिवली आणि कल्याणच्या मधल्या ठाकुर्ली स्टेशनावर या सगळ्या कहाणीचा एक तुकडा पडून आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कल्याणच्या पुढे पुणे आणि इगतपुरीकडचे घाट विजेवर नेले तेव्हा, १९२९ च्या सुमारास, ठाकुर्लीच्या चोळे गावाजवळ स्वतःचे वीज केंद्र उभारले. चोळा पॉवर हाऊस. ते कोळशावर चाले. बोरघाटातून गाडी ओढणारी ताकद इथल्या भट्टीत तयार होत होती. आमच्या इमारतीतले रेल्वेतून निवृत्त झालेले अण्णा त्याच्या गोष्टी सांगतात. त्यांच्या लहानपणी ठाकुर्लीची ओळखच पॉवर हाऊसवरून सांगत. पुढे ते केंद्र बंद झाले.

जागा मोठी होती, रेल्वेची होती. २०११-१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात घोषणा झाली की ठाकुर्लीला गॅसवर चालणारे ७०० मेगावॉटचे वीज केंद्र होणार. त्या सुमारास देशात गॅसबद्दल मोठ्या आशा होत्या. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातला गॅस एप्रिल २००९ मध्ये सुरू झाला होता आणि त्याच्या भरवशावर ठिकठिकाणी केंद्रे बांधली जात होती. पण २०१० च्या सुमारास शिखर गाठून ते उत्पादन झपाट्याने उतरले. ठाकुर्लीचे केंद्र उभे राहिलेच नाही.

तरीही ठाकुर्लीवरून जाणाऱ्या गाड्यांपर्यंत गॅसची वीज आली, ती दाभोळहून. गुहागर तालुक्यातल्या त्या प्रकल्पाचे नाव महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? एन्रॉनचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, त्याच वर्षी एन्रॉन कंपनीही बुडाली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या नावाने सरकारी कंपन्यांनी तो उचलला. क्षमता १,९६७ मेगावॉट. कृष्णा-गोदावरीचा गॅस आटला तसा तोही थंड पडला. मग २०१५ च्या अखेरीस रेल्वेने तिथली वीज घ्यायला सुरुवात केली, पाचशे मेगावॉटच्या घरात, आणि मध्य रेल्वे ही त्यातली मोठी ग्राहक होती. आपल्या डब्यावरच्या तारेत नेमकी कुठल्या केंद्राची वीज आहे हे कोणी सांगू शकत नाही. विजेचे जाळे म्हणजे एक तळे, सगळे नाले त्यात येतात. पण त्या काळात सकाळच्या ८ च्या गर्दीत डोंबिवलीहून चढलेल्या प्रत्येकाला पुढे ढकलण्यात मिथेनचा थोडा हात होता, एवढे खात्रीने म्हणता येते.

*

आता वहीची इतर पाने.

सर्वांत नाट्यमय पान ब्रिटनचे. १९९० साली तिथे शंभर युनिटांमागे गॅसचे जेमतेम एक युनिट होते. चांगला गॅस वीज केंद्रात जाळणे ही उधळपट्टी, अशी युरोपात समजूत होती आणि तसा निर्बंधही होता. तो उठला, वीज खासगी झाली, उत्तर समुद्रातला गॅस हाताशी होता आणि एका आगीवर दोन चाकांची युक्ती पक्की झाली होती. दहा वर्षांत एकाचे चाळीसच्या आसपास झाले. मग पवनचक्क्या आल्या आणि गॅसचा आकडा पुन्हा उतरू लागला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनने आपले शेवटचे कोळसा केंद्र बंद केले. ज्या देशाने जगाला कोळसा जाळायला शिकवले त्या देशाचा कोळशाचा रकाना त्या रात्री रिकामा झाला.

अमेरिकेत खडकाच्या भेगांत अडकलेला गॅस पाण्याच्या दाबाने मोकळा करायची रीत बसली आणि २०१६ मध्ये गॅसच्या विजेने पहिल्यांदा कोळशाला मागे टाकले. आज तिथे दहा युनिटांतली चार-सव्वाचार गॅसची.

जपानकडे स्वतःचा गॅस नाहीच म्हटले तरी चालेल. १९६९ पासून तो देश जहाजातून द्रवरूप गॅस आणतो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की गॅस पाण्यासारखा होतो आणि सहाशे पटींनी आकसतो. माझे चोवीस घनमीटर तेव्हा दोन मोठ्या पाण्याच्या बाटल्यांत, म्हणजे वीस-वीस लिटरच्या जारमध्ये, मावतील. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झाले. एकामागून एक अणुभट्ट्या थांबल्या आणि जपानच्या वहीत गॅसची ओळ उसळली. आधी तिशीच्या आत-बाहेर होती, ती २०१४ पर्यंत चाळिशी ओलांडून गेली. त्या आकड्याच्या चढणीत एका देशाची भीती आणि त्या भीतीतही दिवे चालू ठेवण्याची धडपड दिसते. आता तो साधारण एकतृतीयांशावर स्थिरावला आहे.

नॉर्वे युरोपला प्रचंड गॅस विकतो आणि स्वतःच्या विजेसाठी जवळजवळ जाळतच नाही, कारण त्याच्या डोंगरात धबधबे आहेत. कतारची वीज जवळपास सगळी गॅसची, आणि तेवढ्यावर न थांबता रस लफानच्या कारखान्यात २०११ पासून गॅसमधले कार्बनचे अणू जोडून जोडून द्रव इंधन करतात, दिवसाला एक लाख चाळीस हजार पिंपे. रशियाच्या वहीत तर आपल्याकडे जवळजवळ नसलेला एक रकाना भरगच्च आहे: उष्णता. वीज करून उरलेले गरम पाणी शहरभर जमिनीखालच्या नळांतून फिरते आणि घरे ऊबदार ठेवते. बांगलादेशात दोन दशकांपूर्वी पाचातली चार युनिटे आपल्याच मातीतल्या गॅसची असत. विहिरी उतरत गेल्या, २०१८ पासून जहाजातला गॅस घ्यावा लागला आणि आता प्रमाण निम्म्याच्या आसपास आले आहे. चीन आकाराने अवाढव्य, पण त्याच्या विजेत गॅस तीन टक्क्यांच्या आसपासच. जमिनीत कोळसा असेल तर वही कोळशाची होते.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त गुंतवणारे पान हाँगकाँगचे आहे. तिथल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६४ मध्ये लागले, मुंबईत १८६५ मध्ये. दोन्हीकडे तो गॅस कोळसा बंद भट्टीत भाजून काढलेला. जमिनीतून आलेला गॅस तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पुढे ब्रिटनने नैसर्गिक गॅस घरोघरी न्यायचे ठरवले, तेव्हा अडचण निघाली ती बर्नरची. नव्या गॅसमध्ये उष्णता दुप्पट, पण ज्योत संथ. जुनी शेगडी त्याला चालेना. म्हणून १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षे माणसे घरोघरी फिरली आणि सुमारे चार कोटी उपकरणे बदलली किंवा दुरुस्त केली. हाँगकाँगने उलटी वाट धरली. घरातल्या शेगड्या तशाच ठेवल्या. २००६ पासून घरगुती गॅससाठीही तिथे नैसर्गिक गॅस येतो, पण तो घरात सोडण्याआधी कारखान्यात फोडून त्याचा जुन्या घडणीचा गॅस करतात, ज्यात जवळजवळ निम्मा हायड्रोजन असतो. गॅसचे रूपांतर पुन्हा गॅसमध्येच, कारण लाखो घरांतल्या बर्नरची भोके बदलण्यापेक्षा ते सोपे होते. वहीत ती ओळ इतकी बारीक असते की नजर सहज निसटते, पण तिच्यात दीडशे वर्षांचे स्वयंपाकघर बसले आहे.

*

आणि आपले पान?

२०१०-११ मध्ये भारतातल्या शंभर युनिटांपैकी बारा युनिटे गॅसची होती. आज दोन. देशात वीस हजारांहून अधिक मेगावॉटची गॅस केंद्रे बांधून तयार आहेत आणि त्यांतली बरीचशी वर्षातला मोठा काळ थांबून असतात. उरणलाही गॅस पुरेसा मिळत नाही आणि सगळी चाके एकदम फिरत नाहीत. मला हे वाचून वाईट वाटते. ही यंत्रे कोळशाच्या निम्म्या कार्बनमध्ये वीज देतात, आणि सूर्य मावळल्यावर मिनिटांत जागी होऊ शकतात. सौर ऊर्जा वाढत चाललेल्या देशाला संध्याकाळी सातच्या सुमाराला नेमके असेच काही लागते.

पण गॅस गेला कुठे? त्यातला काही आमच्याकडे आला. २०१४ मध्ये केंद्र सरकारने ठरवले की देशात निघणारा स्वस्त गॅस आधी घरांच्या शेगड्यांना आणि सीएनजीला द्यायचा. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये मुंबईसाठी स्थापन झाली होती. तिचे जाळे ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत पसरत गेले. तुम्ही वही उघडून पाहाल तर रूपांतराची ओळ खचलेली दिसेल आणि तिच्या खाली घरगुती वापराची आणि वाहतुकीची ओळ वर येताना दिसेल. मी ती ओळ रोज ऐकते. सिलिंडरच्या गाडीची खडखड आमच्या गल्लीत पूर्वीसारखी येत नाही. सीएनजी पंपावर रिक्षा वळली की सगळ्यांना खाली उतरून बाजूला उभे राहावे लागते, तेव्हा ती दिसते. टाकीत भरताना दाब २०० बार असतो, दोन किलोमीटर खोल समुद्राच्या तळाशी असावा तेवढा. आणि तोच गॅस माझ्या मीटरपाशी येतो तेव्हा दाब उरतो वीतभर उंचीच्या पाण्याएवढा. मीटरच्या पोटात लोहाराच्या भात्यासारखे दोन छोटे पडदे एकाआड एक भरतात आणि रिकामे होतात. दरवेळी ठरलेले माप, आणि वरचा आकडा एक दात पुढे. रात्री सगळे निजल्यावर दुधाखाली बारीक गॅस ठेवून मीटरशी कान नेला तर त्याचा श्वास ऐकू येतो.

आपल्या वहीतली सर्वांत जाड ओळ मात्र तिसरीच. भारतातला गॅस सर्वांत जास्त घेतात ते खताचे कारखाने, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा कारखाना आहे, आणि तो तिथे असण्याचे कारण बॉम्बे हायचा गॅस. तिथे मिथेन आणि वाफ आठशे अंशांच्या आसपास निकेलवरून नेतात. मिथेन आपला हायड्रोजन सोडतो. हवेतून नायट्रोजन घेतात. दोघांना प्रचंड दाबाखाली लोखंडाच्या चुऱ्यावर भेटवले की अमोनिया होतो. फ्रित्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हे टेबलावर करून दाखवले, कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये कारखान्यात. विजेच्या कडकडाटाशिवाय आणि शेंगांच्या मुळांवरल्या जिवाणूंशिवाय हवेतला नायट्रोजन कोणालाच सहजी पकडता येत नव्हता, तो माणसाला पकडता आला. मग मिथेनमधून सुटलेला कार्बनही वाया घालवत नाहीत. तो कार्बन डायऑक्साइड होऊन अमोनियाला मिळतो आणि युरियाचे पांढरे दाणे पडतात.

ते दाणे जूनमध्ये मुरबाड-शहापूरच्या सेवा सोसायट्यांत गोण्यांतून उतरतात. आवणीनंतर शेतकरी गुडघाभर चिखलात उभा राहून मुठीने ते फेकतो. आठ-दहा दिवसांत रोपे फिकटाची गर्द होतात. तो गर्द हिरवा रंग नायट्रोजनचा.

काल मुरबाडकडच्या आमच्या नातेवाइकांनी पाठवलेला नवा तांदूळ उघडला. दोन वाट्या धुऊन कुकर लावला, वरच्या डब्यात डाळ. काडी ओढली, निळी कडी फुलली, मीटरचा भाता चालू झाला. तांदळाच्या दाण्यात शिरलेला नायट्रोजन बॉम्बे हायच्या मिथेनने हवेतून ओढून आणलेला असेल, आणि भांड्याखाली जळत होता तोही मिथेनच. पाच मिनिटांनी पहिली शिट्टी झाली आणि मी मीटरकडे पाहिले. शेवटचा लाल आकडा फिरत होता.